छोट्या गाडीचे टायर आणि रिम: मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

परभणीत वसमत रोडला आमचं टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. गिऱ्हाईक शहरातलं आहे, तसंच जिंतूर, मानवत, पूर्णा, औंढ्याकडचंही. गाड्या बहुतेक छोट्या: अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, क्विड. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की विचारणारे वाढतात, कारण लग्नसराई, देवदर्शन आणि लांबचे प्रवास तेव्हाच सुरू होतात. काउंटरवर गर्दीत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवलं आहे.

इंटरनेटवर सगळीकडे ‘विंटर टायर’ दिसतात. आपल्याकडे थंडीत ते घालायला हवेत का?

नको. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्याची पकड सोडतं. विंटर टायरचं रबर तिथंही लवचिक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. बर्फावर त्या उघडतात आणि चावा घेतात.

आपल्या परभणीची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. काही पहाटे पारा ५-६ अंशांवर उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. पण रस्ता कोरडा असतो आणि दुपारी तोच पारा २५ च्या पुढे जातो. त्या दुपारी मऊ रबर लवकर झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर कापून थांबते. एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत तर असला टायर आपल्या डांबरावर चालवणं धोक्याचं आहे. आपल्या भागाचा टायर उन्हाळा बघून घ्यायचा.

मग थंडीत टायरचं काहीच करायचं नाही का?

हवा बघायची. हे एवढं एक काम आहे, पण बहुतेक जण नेमकं तेच करत नाहीत.

तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरते. मे महिन्यात पहाटे २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ३० च्या आसपास दिसते, आणि तेही टायर कुठेही गळत नसताना. त्यात महिन्याकाठी थोडी हवा आपोआप कमी होतेच. उन्हाळ्यात भरलेली हवा संक्रांतीपर्यंत तशीच राहिली तर टायर २५-२६ वर चाललेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा असतो. तो थंडीत सकाळी लागतो आणि दहा किलोमीटर चाललं की विझतो. दिवा विझला म्हणून हवा पुरेशी आहे असं समजू नका. टायर गरम झाला, म्हणून आकडा तेवढ्यापुरता वर गेलेला असतो.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. घरातली पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो, तो बघा. टायरच्या कडेवर छापलेला ‘मॅक्स’ आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे. दोन-तीनशे रुपयांचा प्रेशर गेज गाडीत ठेवा, कारण रस्त्यावरच्या पंपांची मीटरं एकमेकांशी जुळत नाहीत.

थंडीतली दुसरी गोष्ट उसाची. गंगाखेड, पाथरी, माजलगाव या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी चिकण माती डांबरावर आणून टाकतात. रात्री त्यावर दहिवर पडतं आणि सकाळी त्या पट्ट्याला साबणासारखा थर येतो. धुक्यात पुढे बिनदिव्याची ट्रॉली दिसली आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर टायरची नक्षी किती उरली आहे यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून गोटा होत आलेले टायर पावसाळ्यात कसेबसे ढकलले आणि आता थंडीत काय, कोरडंच तर आहे, असं म्हणणाऱ्याला मी दरवेळी थांबवतो.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा १६५/८० आर १४ ८५ टी असं लिहिलंय. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, इथं १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या दोऱ्यांची रचना. १४ हा रिमचा व्यास इंचात. ८५ हा भार-निर्देशांक: एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

भार-निर्देशांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. आकड्यात सातचा फरक दिसतो, पण वजनात ८८ किलोंचा असतो. विजेवरच्या छोट्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, तिथं तर हा आकडा सगळ्यात आधी बघायचा.

माझ्या गाडीला जरा रुंद टायर टाकले तर चालतील का? गाडी भरलेली दिसते.

चालतील, पण गणित करून. नुसत्या डोळ्याने ठरवू नका.

पहिला नियम असा की चाकाचा बाहेरचा पूर्ण व्यास मूळ चाकाइतकाच राहिला पाहिजे. फरक एक-दीड टक्क्यात असला तर गाडीला कळतही नाही, तीन टक्क्यांच्या पुढे मात्र जाऊच नका. व्यास काढायची रीत सोपी आहे: रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात कडेची उंची दोनदा मिळवायची. २०१८ साली आलेल्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होते: ३५५.६ अधिक २६४, म्हणजे ६१९.६ मिलिमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५. बघा, रिम इंचाने मोठी झाली तरी चाक दोन मिलिमीटरनेच वाढलं. म्हणून खालच्या मॉडेलवाल्याने वरच्याचा साइज रिमसकट घेतला तर बिनधास्त बसतो, कारण ते गणित कंपनीनेच करून ठेवलं आहे. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला काय टायर येतात ते आधी बघा, ही सगळ्यात सुरक्षित वाट आहे. २०१९ च्या वॅगनआरचंही तसंच: १ लिटर इंजिनवर १५५/८० आर १३, १.२ लिटरवर १६५/७० आर १४.

आता चुकीचं उदाहरण. त्याच स्विफ्टला कुणाच्या तरी गाडीचे काढलेले १९५/६५ आर १५ स्वस्तात मिळाले म्हणून बसवले. व्यास होतो ६३४.५, म्हणजे जवळपास अडीच टक्के जास्त. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२ वर असते. तेवढं एक वेळ चालून जाईल, पण स्टीअरिंग पूर्ण वळवलं किंवा मागे तिघं बसून खड्ड्यात गाडी आदळली की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. घासून घासून त्याची कड कातरते आणि आपल्याला ते दिसत नाही.

रुंदीचे तोटेही ऐका. छोट्या इंजिनाला रुंद टायर ओढायला जड जातो, ॲव्हरेज घटतं, पॉवर स्टीअरिंग नसेल तर हात दुखतात. साचलेल्या पाण्यावर रुंद आणि झिजलेला टायर लवकर तरंगतो, कारण तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं आणि खालचं पाणी कापलं जात नाही. आणि कडेची उंची जितकी कमी, तितका खड्ड्याचा मार रिमवर जास्त. आपल्या जिल्हा मार्गांवर ८० किंवा ७० च्या कडेचा जाड टायर ही गाडीची अर्धी गादी आहे. १६ इंची रिमवर पातळ टायर चढवून जिंतूर-सेलू रोज करणाऱ्याला मी मनापासून नको म्हणतो.

लोखंडी डिस्क (साधी लोखंडी रिम) बरी की अलॉय (मिश्रधातूची रिम)?

तुमचा रस्ता कोणता यावर आहे.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरात आणि चांगल्या महामार्गावर गाडी चालत असेल तर अलॉय छान. गोल नेमकं असतं, ब्रेकला वारा मिळतो, गंजत नाही, दिसायला सुरेख. खेड्याकडे, मुरमाच्या रस्त्यावर, पुलाच्या कडेला तुटलेल्या डांबरावर रोजचं जाणं असेल तर लोखंडी डिस्कच ठेवा. जोरात बसलं तर डिस्क वाकते. वाकली तर सरळ करता येते, आणि पूर्ण गेली तरी नवी फार महाग नसते. अलॉय मात्र पुष्कळदा तडकते. तड बारीक असेल तर हवा हळूहळू उतरत राहते आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत बसतो. तडकलेली अलॉय वेल्डिंग करून देणारे आहेत. मी तशी रिम गाडीवर चढवत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. वेल्डिंगजवळचा धातू आपली मूळ ताकद गमावतो, आणि ती रिम पुढच्या चाकात सुटली तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

‘अलॉय हलकी असते म्हणून ॲव्हरेज वाढतं’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. चांगली, कंपनीची अलॉय हलकी असू शकते. पण बाजारातल्या स्वस्त आणि एक इंच मोठ्या अलॉय पुष्कळदा मूळ डिस्कपेक्षा जड भरतात. घ्यायच्या आधी दुकानदाराला वजनकाट्यावर ठेवायला सांगा. सांगायला लाजू नका.

टायर आणि रिम दोन्हींना पैसे पुरत नसतील तर पैसे टायरमध्ये घाला. चार चकचकीत रिमवर चार हलक्या प्रतीचे टायर, हे चित्र मी आठवड्यातून एकदा तरी बघतो आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर.

बाहेरची अलॉय घेताना काय काय जुळवायचं?

चार मापं. पहिलं पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. पुष्कळ छोट्या गाड्यांत चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर असतं, पण सगळ्यांत नाही, म्हणून मोजून घ्या. दुसरं मधल्या भोकाचा व्यास. रिमचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये नेमक्या मापाची रिंग बसवावी लागते. ती नसेल तर ८०-९० वर स्टीअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग दहादा केलं तरी थरथर जात नाही. तिसरं ऑफसेट, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती बसतं ते. बाहेर आलेलं चाक ऐटीत दिसतं, पण बेअरिंग आणि सस्पेन्शन खातं आणि चिखल दारावर उडवतं. चौथं रिमची रुंदी, ती टायरच्या साइजला चालते का ते.

नटही बघा. अलॉयचे नट आणि डिस्कचे नट यांची बसायची बाजू वेगळी असू शकते. चुकीचे नट घट्ट वाटतात, पण टेकलेले नसतात. नव्या अलॉय बसवल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क पान्याने (नेमक्या ताकदीने नट आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्यायचे. एअर गनने ठोकून बसवलेला नट बाईमाणसाला काय, पैलवानालाही रस्त्यात उघडत नाही, म्हणून शेवटचा घट्टपणा हातानेच द्यायला सांगा. बाहेरच्या अलॉय बसवल्या की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

टायर नवा आहे हे कशावरून ओळखायचं?

टायरच्या कडेला ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी चार आकडे. २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. ती ओळ टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असते, समोर दिसली नाही तर टायर उलटवून बघा.

सहा-आठ महिन्यांचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन वर्षं दुकानात पडलेला, सवलत दिली तरी नको. आपल्या उन्हात रबराचं वय भराभर वाढतं. गाडी अंगणात उघड्यावर उभी राहते, कमी चालते, नक्षी भरपूर दिसते, आणि कडेला मात्र केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. शिक्षक, डॉक्टर, निवृत्त मंडळी यांच्या कमी चाललेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या. नक्षी कितीही असो, दहा वर्षांच्या पुढचा टायर चालवू नका. मी आपल्या हवेत सहा-सात वर्षांतच बदला म्हणतो.

आयएसआय चिन्ह असलेलाच टायर घ्या आणि पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, बिलात तो बघून घ्या. बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही.

टायर किती झिजला की बदलायचा?

नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. कडेला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा बाण असतो, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमाप्रमाणे कारला ही शेवटची हद्द आहे. पण नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर असते आणि पावसात पाणी बाहेर फेकायची ताकद तीनच्या खाली झपाट्याने कमी होते. म्हणून मृगाच्या आधी मोजा आणि तीनच्या खाली असेल तर बदला.

समृद्धी महामार्गावर टायर फुटतात म्हणतात. खरं काय?

फुटतात, पण दोष एकट्या तिथल्या सिमेंटच्या रस्त्याचा नाही.

जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून समृद्धीवर चढलं की गाडी तासन्‌तास १०० ते १२० वर राहते. आपल्या बाकीच्या रस्त्यांवर खड्डा, गाव, गतिरोधक येत राहतात आणि टायरला आपोआप उसंत मिळते. तिथं ती मिळत नाही. टायर रस्त्यावर टेकला की प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा उठतो, त्या दबण्या-उठण्यातून आत उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, जास्त तापतो, आतले थर सुटतात आणि एका क्षणी फाटतो. त्यात टायर सात वर्षांचा, गाडीत सहा जण, छपरावर सामान आणि बाहेर ४३ अंश असं जुळून आलं की पुढचं सांगायला नको. लोकांना वाटतं, उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून दोन-चार पीएसआय कमी भरावी. ही समजूत अगदी उलटी आहे आणि माणसांच्या जिवावर उठणारी आहे. स्टिकरवर आहे तेवढी हवा भरा, ती गरम होऊन चार-पाच पीएसआयने वाढणार हे धरूनच तो आकडा दिलेला असतो. धाब्यावर थांबल्यावर गरम टायरमधली हवा काढू नका.

वेगाचं अक्षर इथं अडचण नसतं. साधा एस टायरही १८० चा असतो. तरी १२० ही तिथली कमाल मर्यादा आहे, गाठायची खूण नव्हे. भरलेल्या छोट्या गाडीला ९० ते १०० पुष्कळ झालं. दर दोन तासांनी थांबा, उतरा, टायरभोवती एक फेरी मारा.

नायट्रोजन भरावा का?

फुकट किंवा थोडक्यात मिळत असेल तर भरा. तो कोरडा असतो, त्यामुळे रिम आतून गंजत नाही आणि हवा जरा सावकाश उतरते. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि गरम झाल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. कमी पडलेल्या नायट्रोजनपेक्षा बरोबर भरलेली साधी हवा शंभर पटींनी चांगली. वाटेत कमी वाटली आणि नायट्रोजन नसला तर साधी हवा भरा, काही होत नाही.

आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर), वावरातल्या रस्त्याने रोज जावं लागतं. कोणता टायर?

हा खास आपला प्रश्न, आणि इंटरनेटवर याचं उत्तर सापडत नाही.

छोट्या गाडीला खऱ्या मातीचे, खडबडीत नक्षीचे टायर सहसा मिळत नाहीत. मिळाले तरी आपल्या काळ्या मातीत उपयोग थोडा. ही माती पाऊस पडला की नक्षीत भरून बसते आणि दोन फेऱ्यांत कोणताही टायर गुळगुळीत लगदा होतो. पांदणीत चिबड झालं असेल तर गाडी डांबरावर ठेवून पायी जा. गाडी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावाच लागतो, आणि ओढताना बंपर जातं ते वेगळं.

कोरड्या दिवसांत शत्रू वेगळे: पऱ्हाट्या, तुरीची धसकटं आणि बाभळीचे काटे. तूर काढल्यावर विळ्याने तिरकं कापलेलं धसकट सुळ्यासारखं टोकदार असतं. ते टायरच्या तळाला क्वचितच लागतं, कडेत घुसतं. महाशिवरात्रीला औंढ्याला गेलेलं एक कुटुंब तुरीच्या रिकाम्या वावरात गाडी लावून दर्शनाला गेलं. परत येऊन गाडी मागे घेतली तेव्हा कडेत धसकट शिरलं. रस्त्यावर कुणीतरी कडेतच पट्टी घालून दिली. वीस किलोमीटरवर तिथं अंड्याएवढा फुगा आला. घरच्या मावशींना गाडीचा आवाज वेगळा वाटला, त्यांनी थांबवायला लावलं, म्हणून सगळे स्टेपनीवर आमच्यापर्यंत सुखरूप आले. नीट ध्यानात ठेवा, कडेचं पंक्चर निघत नाही. तिथं दोऱ्यांचा थर पातळ असतो आणि प्रत्येक फेऱ्यात वाकतो. तो टायर गेला असं समजायचं.

असा वापर असेल तर मूळ साइज, जाड कड, लोखंडी डिस्क आणि भार-निर्देशांक एखाद-दोन पायऱ्या वरचा मिळाला तर उत्तम. वावरात गाडी वळवायची असेल तर आधी उतरून जागा बघा.

ट्यूबलेस टायर वारंवार पंक्चर होतो, आत ट्यूब टाकू का?

टाकू नका. टायर आणि ट्यूब एकमेकांवर घासून तापतात, आणि ट्यूब फुटली की हवा एका झटक्यात जाते. ट्यूबलेसचा सगळा फायदाच हवा हळूहळू जाण्यात आहे. वारंवार हवा उतरत असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि रिमची कड तपासा; डिस्क गंजून किंवा वाकून तिथूनच गळत असते. नवे टायर घेताना व्हॉल्व्ह नवे घालाच. तळातलं पंक्चर पट्टीने निघतं, पण लांबच्या प्रवासाची गाडी असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात दांडा आणि आतून ठिगळ असलेला जोड) मारून घ्या.

दोनच टायर बदलायचे पैसे आहेत. नवे पुढे की मागे?

मागे. इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, म्हणून सगळ्यांना नवे पुढे हवे असतात. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आपण वेग कमी करतो, ती सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य माणसाला ती सावरत नाही. कन्नडच्या घाटात पावसात हे क्षणभरात होतं. एका आसावर दोन्ही टायर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे असावेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करत राहिलात तर चारही बरोबर झिजतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

रिमोल्ड किंवा जुने टायर घ्यावेत का?

छोट्या गाडीला रबर चढवलेला टायर नको. ट्रकचा सांगाडा त्यासाठी बनवलेला असतो, आपल्या गाडीचा नसतो. जुना टायर आधी कुणी कसा वापरला, किती दिवस कमी हवेवर चालवला, हे बाहेरून कळत नाही.

कोणती कंपनी चांगली?

नावाजलेल्या सगळ्याच कंपन्या चांगले टायर बनवतात; आपल्या वाळूजलाही गुडइयरचा कारखाना आहे. फरक त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये असतो: कुणाचा भर टिकण्यावर, कुणाचा आवाज कमी असण्यावर, कुणाचा ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर. आपल्या भागासाठी मी ओली पकड आणि मजबूत कड या क्रमाने बघतो. टिकण्याचे किलोमीटर त्यानंतर.

मुलगा नोकरीला जर्मनीत आहे, छोटी गाडी घेतोय. त्याला विंटर टायरचं काय सांगू?

हा प्रश्न आता खेड्यातले आईबापही विचारतात, म्हणून नीट सांगतो. तिथं गोष्ट खरी आहे.

जर्मनीत २०१० पासून नियम आहे: रस्त्यावर बर्फ, निसरडा चिखलबर्फ किंवा गोठलेलं दहिवर असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. पकडलं तर ६० युरो दंड आणि परवान्यावर दंडाचा एक गुण. तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ढोबळ हिशेब धरतात. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह हवं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर तिथं हिवाळी धरत नाहीत. जुनी गाडी घेताना मुलाने हे चिन्ह आणि चार आकडी तारीख दोन्ही बघावं. कॅनडात क्वेबेक प्रांतात असेल तर १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीच आहे.

सल्ला असा: चार हिवाळी टायर वेगळ्या चार लोखंडी डिस्कवर कायमचे बसवून ठेवावेत. दरवर्षी दोनदा टायर रिमवरून उतरवायचा खर्च वाचतो, टायरची कड दुखावत नाही, आणि रस्त्यावरच्या मिठाने अलॉय खराब होत नाही. डिस्क इंचाने लहान आणि टायर अरुंद घेतला तरी चालतं, उलट बरं. पोलोसारख्या गाडीला उन्हाळ्यात १९५/५५ आर १६ असतील तर हिवाळ्यासाठी १८५/६५ आर १५. व्यास दोन्हींचा ६२१ मिलिमीटरच्या आसपास. अरुंद टायर चिखलबर्फ कापून खाली रस्त्याला टेकतो आणि स्वस्तही पडतो. फक्त लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, आणि तो साइज गाडीच्या कागदपत्रांत आहे ना, हे आधी बघावं. चिन्हवाले टायर फक्त पुढे आणि मागे उन्हाळी, असं कधीही करू नये. ब्रेक मारल्यावर गाडीची मागची बाजू पुढे येते. नियम १.६ मिलिमीटरचा असला तरी बर्फात चारच्या खाली हिवाळी टायरचा जोर उरत नाही. काढलेले टायर रिमसकट असतील तर एकावर एक रचून, रिमशिवाय असतील तर उभे, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावेत.

डिसेंबरात आपलीच गाडी घेऊन मनालीला जायचंय. तिथं काय करायचं?

मनालीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर चांगल्या नक्षीचे नेहमीचे टायर पुरतात. पुढे अटल बोगदा ओलांडून सिस्सूकडे बर्फ पडलेलं असलं की पोलीस साध्या गाड्या अडवतात. फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी गाडी) किंवा चेन (टायरभोवती बांधायची साखळी) लागते. टायरच्या साइजच्या चेन तिथं भाड्याने मिळतात. छोट्या गाडीत चेन पुढच्या चाकांना, कारण ओढणारी तीच असतात. वेग ३०-४० च्या वर नाही, आणि बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायच्या. माझं मत विचाराल तर त्या टप्प्यापुरती तिथली गाडी आणि तिथला ड्रायव्हर घ्या. बर्फावर ब्रेक कसा मारायचा हे आपल्या हाताला माहीत नसतं.

स्टेपनीकडे कधी बघायचं?

आज. डिकी उघडा, सामान बाजूला करा आणि हवा मोजा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची स्टेपनी १५ पीएसआयच्या खाली निघते, कारण गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावलेला नसतो. तिच्यात दोन-चार पीएसआय जास्तच भरून ठेवा, लागली तर कमी करता येते. तिच्यावरची तारीखही वाचा. काही नव्या गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते, तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. काहींत ती नसतेच, फक्त दुरुस्तीचं किट असतं. २०२० पासून ट्यूबलेस टायर आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना ही मुभा आहे. किटमधलं औषध तळातल्या छोट्या भोकालाच चालतं, धसकटाने फाटलेल्या कडेला नाही. आपल्याकडे किटवाली गाडी घेतली असेल तर एक साधी डिस्क, टायर, जॅक आणि पाना घेऊन डिकीत ठेवा. आणि एकदा सुट्टीच्या दिवशी, घरासमोर, उजेडात, घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून एक चाक काढून परत बसवून घ्या.